५० बाय ७० मिलिमीटर: अहिल्यानगर जिल्ह्यातील स्टुडिओचालकांना खुले पत्र

प्रति,
अहिल्यानगर जिल्ह्यातील सर्व फोटो स्टुडिओचालक व छायाचित्रकार

विषय: कॅनडाच्या पीआर कार्डासाठी काढावयाचे फोटो



कॅनडात कायम राहण्याचा हक्क मिळालेल्या, पण त्या देशाचे नागरिक नसलेल्या माणसाचे ओळखपत्र म्हणजे परमनंट रेसिडेंट कार्ड. बोलण्यात सगळे त्याला पीआर कार्ड म्हणतात. कॅनडाचा सध्याचा स्थलांतर कायदा २८ जून २००२ रोजी लागू झाला आणि त्याच दिवसापासून हे कार्ड आले. त्याआधी स्थलांतरिताकडे कागदी दाखला असे. ३१ डिसेंबर २००३पासून विमानाने, रेल्वेने, बसने किंवा बोटीने कॅनडात परतणाऱ्या कायम निवाशाला प्रवासाआधी हे कार्ड दाखवावे लागते. कार्डाची मुदत बहुधा पाच वर्षांची असते. म्हणजे त्यावर उमटलेला चेहरा पाच वर्षे विमानतळावरच्या अधिकाऱ्यापुढे धरला जातो. हा चेहरा अनेकदा टिपला जातो तो सावेडीतल्या, चितळे रस्त्यावरच्या, संगमनेरच्या बाजारपेठेतल्या किंवा श्रीरामपूरच्या मेन रोडवरच्या एखाद्या स्टुडिओत. त्या फोटोचे बरेवाईट तिथेच ठरते, म्हणून हे पत्र स्टुडिओचालकांना.

कॅनडाच्या दृष्टीने परदेशात असलेला नवागत म्हणजे ज्याची कायम निवासाची फाइल सुरू आहे किंवा मंजूर झाली आहे, पण ज्याने त्या देशात अजून पाऊल ठेवलेले नाही असा माणूस. तो राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेला असेल, लोणी, संगमनेर किंवा कोपरगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पुण्याच्या कंपनीत गेलेला असेल, किंवा नर्सिंग करून आखाती देशात नोकरी केलेली परिचारिका असेल. पुष्कळदा नवरा किंवा बायको आधीच तिकडे असते आणि दुसऱ्याची फाइल इथून चालते. अशा वेळी मुलांचे आणि मागे राहिलेल्या जोडीदाराचे फोटो गावाजवळच्या स्टुडिओतच काढले जातात. स्टुडिओत आलेला माणूस ‘पीआरचे फोटो पाहिजेत’ एवढेच सांगतो. मापे त्याला ठाऊक असतातच असे नाही, आणि समोरचाही ‘पासपोर्ट साइज’ समजून काम उरकतो. घोटाळा इथून सुरू होतो.

या प्रवासात चेहरा एकाहून अधिक वेळा टिपला जातो आणि ते प्रसंग वेगवेगळे आहेत. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्रात बोटांचे ठसे घेताना समोरचा कॅमेरा एक फोटो घेतो. त्या फोटोशी स्टुडिओचा संबंध नाही आणि तो झाला म्हणून दुसऱ्या फोटोची गरज संपत नाही. अर्जासोबत किंवा मंजुरीच्या पत्रानंतर जो फोटो मागितला जातो तो वेगळा, आणि कार्डासाठी महत्त्वाचा तोच. नवागत कॅनडाच्या विमानतळावर उतरतो, अधिकारी त्याचे कागद तपासून पत्ता नोंदवतो आणि पुढे कार्ड छापायला जाते. फोटो मापात नसेल किंवा वापरण्याजोगा नसेल तर नवा मागवला जातो आणि कार्ड तेवढे लांबते. पीआर कार्डांचे काम नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनी गावच्या कार्यालयात चालते. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याला नगरच्या स्टुडिओची ख्याती माहीत नसते. त्याच्या हाती पट्टी असते आणि नियमांची यादी असते.

आता मापे. कार्डाच्या फोटोची रुंदी ५० मिलिमीटर आणि उंची ७० मिलिमीटर. हनुवटीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत चेहऱ्याची लांबी ३१ ते ३६ मिलिमीटरच्या दरम्यान. माथा म्हणजे डोक्याची कवटी जिथे संपते ती जागा. वर बांधलेला अंबाडा, फुगवलेले केस किंवा पगडी या मापात धरायची नाही. ७० मिलिमीटर उंचीच्या चौकटीत ३१ ते ३६ मिलिमीटरचा चेहरा म्हणजे साधारण निम्मी उंची. उरलेल्या जागेत खांदे आणि छातीचा वरचा भाग येतो, आणि डोक्यावर मोकळी जागा राहते.

आपल्याकडे ‘पासपोर्ट साइज’ म्हणून ओळखला जाणारा फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. हे नाव आता फक्त वहिवाटीने चालते, कारण नगरच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात मोठ्या माणसाचा फोटो तिथल्याच कॅमेऱ्यावर निघतो. स्टुडिओतले पासपोर्ट साइज फोटो खरे तर शाळा-कॉलेजच्या अर्जांना, बँकेला आणि सरकारी दाखल्यांना लागतात. हात मात्र त्याच मापाला सरावलेला असतो, आणि पीआरच्या फोटोत सर्वांत जास्त होणारी चूक याच सवयीतून येते: जुना ३५ बाय ४५चा फोटो ताणून ५० बाय ७० करणे. याचा हिशेब करून पाहावा. रुंदी ३५ची ५० करायची तर उंची ४५ची सुमारे ६४ होते, ७० होत नाही. ७०पर्यंत ओढले तर चेहरा लांबोडका होतो. आणि पासपोर्ट साइजमध्ये ३३ मिलिमीटरचा असलेला चेहरा त्याच प्रमाणात वाढून ४७ मिलिमीटरचा होतो, म्हणजे कॅनडाच्या वरच्या मर्यादेपेक्षा ११ मिलिमीटर जास्त. एकदा आवळून कापलेल्या फोटोतून खांदे परत आणता येत नाहीत. म्हणून फोटो काढतानाच चौकट मोकळी ठेवावी, छातीपर्यंतचा भाग आणि डोक्यावर पुरेशी जागा घ्यावी, आणि मूळ न कापलेली फाइल जपून ठेवावी. त्या एका फाइलमधून कॅनडाचे, अमेरिकेचे आणि आपल्याकडचे, तिन्ही मापांचे फोटो निघू शकतात.

छपाईचा हिशेबही वेगळा पडतो. चार बाय सहा इंचाच्या ज्या कागदावर पासपोर्ट साइजच्या आठ कॉपी बसतात, त्यावर ५० बाय ७०च्या चारच बसतात. कागदाची लहान बाजू जेमतेम १०१.६ मिलिमीटर असल्याने दोन फोटो शेजारी ठेवले की दीड मिलिमीटर उरतो. प्रिंटरवर बिनकिनारीची छपाई निवडलेली असेल तर यंत्र चित्र थोडे मोठे करून कडा बाहेर टाकते. तेवढ्यानेही चेहरा ३६च्या पुढे सरकू शकतो. त्यामुळे चेहरा ३३ किंवा ३४ मिलिमीटरवर ठेवणे शहाणपणाचे, आणि कटरखाली घालण्यापूर्वी छापलेल्या फोटोवर पोलादी पट्टी ठेवून माप घेणे जरुरीचे. संगणकाच्या पडद्यावरचे माप हे छापलेल्या कागदावरचे माप नसते.

पार्श्वभूमी साधी आणि पांढरी हवी. कित्येक स्टुडिओंत निळा पडदा टांगलेला असतो आणि नंतर संगणकावर तो पांढरा केला जातो. पीआर कार्डाच्या फोटोला हे चालत नाही, कारण फोटोत कोणताही फेरफार नको अशी स्पष्ट अट आहे. शिवाय कापून चिकटवलेल्या कडा लपत नाहीत. कानाजवळचे बारीक केस नाहीसे होतात, खांद्याची रेघ कात्रीने कापल्यासारखी दिसते आणि मानेभोवती निळसर झाक राहते. पांढरा पडदा किंवा पांढरी रंगवलेली मॅट भिंत हा यावरचा साधा उपाय. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा किंवा पांढरी ओढणी घेऊन बसलेल्या माणसाचे खांदे मागच्या पांढऱ्यात विरून जातात. चेहरा आणि पार्श्वभूमी यांत स्पष्ट फरक दिसला पाहिजे, तेव्हा गडद रंगाचे कपडे घालून या, असे गिऱ्हाइकाला आधीच फोनवर सांगितलेले बरे. पांढऱ्याखेरीज कपडे नसलेल्यासाठी स्टुडिओत एखादा गडद शर्ट आणि एखादी ओढणी टांगून ठेवता येते.

प्रकाश सारखा हवा. नाकाची सावली गालावर, हनुवटीची सावली गळ्यावर किंवा डोक्याची सावली मागच्या पडद्यावर पडली की फोटो बाद होऊ शकतो. माणसाला पडद्यापासून सुमारे मीटरभर पुढे बसवावे, दोन दिवे दोन्ही बाजूंनी सारख्या अंतरावर ठेवावेत आणि त्यांच्यावर छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावावा. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणि दीड-दोन मीटर दूर असावा. मोबाइल तोंडापाशी धरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. तो चेहरा त्या माणसाचा राहत नाही. खांदे सरळ, चेहरा थेट कॅमेऱ्याकडे, मान न कललेली. लग्नाच्या अल्बमसाठी ‘मान जरा तिरकी’ म्हणण्याची सवय इथे आवरावी लागते.

त्वचेच्या रंगाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडच्या स्टुडिओंत या बाबतीत सर्वांत जास्त बिघडते. नियमाचे शब्द सरळ आहेत: फोटोत त्वचेचा रंग नैसर्गिक दिसला पाहिजे. आपल्याकडे मात्र फोटो ‘उजळ’ करण्याची मोठी जुनी रीत आहे. गिऱ्हाईक न सांगताही प्रकाश वाढवला जातो, गालावरचे वांग पुसले जातात, डोळ्यांखालची काळी वर्तुळे भरली जातात. उन्हात वावरलेल्या शेतकऱ्याचा सावळा, रापलेला चेहरा आपल्या संगणकावर तासाभरात शहरी गोरा होतो. लग्न जमवण्याच्या फोटोत याचे समर्थन कुणी करेलही, पण ओळखपत्राच्या फोटोत ते नुकसान करते. टोरांटोच्या विमानतळावर अधिकारी कार्ड हातात घेऊन समोरच्या माणसाकडे पाहतो तेव्हा त्याला दोन वेगळी माणसे दिसता कामा नयेत. शिवाय माणसाला त्याचाच रंग देण्यात कमीपणा कसला? सावळ्या चेहऱ्याला योग्य प्रकाश दिला की तो फोटोत स्वच्छ आणि देखणा येतो. त्यासाठी कॅमेऱ्याची उघडझाप आणि रंगाचा समतोल चेहऱ्यावर जुळवावा लागतो, मागच्या पांढऱ्या पडद्यावर नाही. पडदा पाहून कॅमेरा स्वतःच उजेड ठरवू लागला तर सावळा चेहरा काळवंडतो, आणि मग तो सुधारण्याच्या नादात संगणकावर पांढरा केला जातो. दोन्ही चुका टळतात ते कॅमेरा हाताने जुळवल्याने.

टचअपचा प्रश्न रंगापुरता नाही. मूळ फोटोत काहीही बदललेले नको, आणि दुसऱ्या फोटोवरून काढलेला फोटोही नको. फ्लॅशमुळे डोळ्यांत उतरलेली लाली पुसणेसुद्धा फेरफारात मोडते. लाली आली तर दिवा बाजूला करून फोटो पुन्हा काढावा. देवीचे व्रण, भाजल्याची खूण, चामखीळ, विरळ भुवई, सुटलेली हनुवटी हे सगळे जसे असेल तसे राहू द्यावे. याचे कारण यंत्राच्या कामात आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने प्रवासाच्या कागदपत्रांसाठी जो दस्तऐवज ठरवला आहे, त्याचा क्रमांक ९३०३. माणूस ओळखण्याची मुख्य जैविक खूण म्हणून तिने चेहरा निवडला आणि जगभरातल्या पासपोर्टांचे फोटो हळूहळू त्या चौकटीत आले. चेहरा ओळखणारी संगणक प्रणाली डोळ्यांतले अंतर, नाकाची रुंदी, जबड्याची रेघ आणि त्वचेवरचे बारीक तपशील यांवर चालते. गाल गुळगुळीत केला, जबडा बारीक केला, डोळे किंचित मोठे केले की ही मोजमापे सरकतात. नवे मोबाइल तर न विचारताच चेहरा गुळगुळीत करतात, आणि सेल्फीवरून ‘पासपोर्ट फोटो’ तयार करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची अ‍ॅप चेहऱ्याचे भाग नव्याने रचतात. असा फोटो घेऊन कुणी नुसती छपाई मागायला आला तर त्याला नम्रपणे बसवून घ्यावे आणि नवा फोटो काढावा. व्यावसायिक छायाचित्रकारानेच काढलेला फोटो हवा, ही अटच आहे.

हावभाव शांत. तोंड मिटलेले, हसू नाही, डोळे पूर्ण उघडे. चेहरा कठोर करायला मात्र कुणी सांगितलेले नाही. ‘हसू नका’ म्हटले की पुष्कळ माणसे भुवया आवळतात. त्याऐवजी एक श्वास सोडायला सांगावा आणि श्वास सुटताच बटण दाबावे.

चष्म्याबाबत अमेरिका आणि कॅनडा यांत फरक आहे. १ नोव्हेंबर २०१६पासून अमेरिकेच्या व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नाही. कॅनडात नंबरचा चष्मा चालतो, पण काचेवर चमक नको आणि डोळ्यांवर फ्रेम येता कामा नये. सावेडीतला अनुभवी छायाचित्रकार काय आणि शेवगावचा नवशिक्या काय, दिव्याची चमक काचेतून पूर्ण घालवणे दोघांनाही अवघड जाते. अशा वेळी चष्मा उतरवून काढलेला फोटो दोन्ही देशांना चालतो. काळा चष्मा अर्थातच नाही.

डोके उघडे असावे. धर्मश्रद्धेमुळे रोज डोके झाकणाऱ्याला किंवा वैद्यकीय कारण असणाऱ्याला सूट आहे, मात्र चेहरा पूर्ण दिसला पाहिजे आणि त्यावर सावली नको. शीख माणसाची पगडी आणि मुस्लिम स्त्रीचा हिजाब या सुटीत बसतात. जिल्ह्यातल्या वडीलधाऱ्या पुरुषांची पांढरी टोपी आणि फेटा हा रिवाज आहे, धर्माची आज्ञा नाही, तेव्हा तो उतरवावा लागतो. डोक्यावर पदर घेणाऱ्या आजीचेही तसेच. तिथे घाई करू नये. साठ वर्षे पदराखाली राहिलेले डोके परक्या माणसापुढे उघडे करणे तिला अवघड जाते. स्टुडिओतली एखादी बाई किंवा तिची सून जवळ असावी, पदर खांद्यावर नीट बसवावा आणि फोटो होताच परत डोक्यावर घेऊ द्यावा. मुलाने तिकडून स्पॉन्सर केलेल्या आईवडिलांचे फोटो काढताना हा प्रसंग नेहमी येतो. कुंकवाला, टिकलीला, गंधाला नियमांत बंदी नाही. मंगळसूत्रालाही नाही. नथ किंवा मोठे कानातले चेहऱ्यावर सावली टाकणार नाहीत आणि चमकणार नाहीत एवढे पाहावे. कपाळावरचे आणि कानांवरचे केस मागे घेतलेले बरे.

लहान बाळाचा फोटो हे वेगळे कसब आहे. तान्ह्याला सतरंजीवर अंथरलेल्या पांढऱ्या स्वच्छ चादरीवर पाठीवर निजवावे, आणि वरून, त्याच्या बरोबर समोर कॅमेरा धरून फोटो घ्यावा. स्टुलावर उभे राहावे लागले तरी चालेल, पण चादरीवर सावली पडू नये. चौकटीत आईचा हात दिसता कामा नये, चोखणी नको, खेळणे नको. थोडे मोठे बाळ असेल तर त्याची पाठ टेकेल अशा छोट्या खुर्चीवर पांढरी चादर टाकून बसवता येते. बाळ नुकतेच दूध पिऊन जागे असते तेव्हा हे सगळे दहा मिनिटांत होते. झोपेला आलेल्या बाळाचा फोटो तासाभरातही होत नाही. म्हणून आईला तिच्या सोयीची वेळ विचारावी.

फोटोच्या पाठीवरचा मजकूर पुष्कळांना माहीत नसतो, आणि छपाई उत्तम असूनही याच कारणाने फोटो परत येतात. पाठीवर अर्जदाराचे नाव व जन्मतारीख, स्टुडिओचे नाव व पूर्ण पत्ता आणि फोटो काढल्याची तारीख लागते. शिक्का चालतो, हाताने लिहिलेलेही चालते. चिकटवलेले लेबल चालत नाही. शिक्का इंग्रजीत असावा, कारण तो वाचणारा मराठी जाणत नाही. तारखेत महिना आकड्याऐवजी अक्षरात लिहिला तर घोळ राहत नाही, नाहीतर ५ मार्चचा ३ मे होतो. चकचकीत फोटो कागदाच्या पाठीवर साध्या पेनाची शाई वाळत नाही आणि एकावर एक ठेवलेल्या फोटोंच्या चेहऱ्यांवर ती उमटते. पक्क्या शाईचा बारीक पेन वापरावा, जोर देऊ नये आणि पाच-दहा मिनिटे वाळू द्यावे. फोटो अर्जाला पिनेने टाचायचे नाहीत, छोट्या पाकिटात घालून द्यायचे.

स्टुडिओच्या पत्त्यात एक शंका बरेच जण विचारतात. २०२४मध्ये जिल्ह्याचे आणि शहराचे नाव अहिल्यानगर झाले. अनेकांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ मात्र अहमदनगर असेच आहे, आणि अर्जातही पासपोर्टप्रमाणेच लिहावे. फोटोच्या पाठीवरच्या शिक्क्याचा या गोष्टीशी संबंध नाही. शिक्क्यावर फक्त स्टुडिओचा आजचा पत्ता हवा. जुना शिक्का असेल तर तो नवीन करून घ्यावा, पिन कोड आणि ‘इंडिया’ हा शब्द त्यात घालावा.

फोटो सहा महिन्यांपेक्षा जुना नसावा. कारण साधे आहे, मधल्या काळात माणूस बदलतो: दाढी येते, केस जातात, बाळाचा तर चेहराच पालटतो. फाइल वर्षभर चालली आणि शेवटी पुन्हा फोटो मागितला तर नवा काढावा. जुन्या फाइलवर नवी तारीख टाकून देणे म्हणजे खोटा दाखला देणे होय, आणि तो अर्जदाराच्या नावावर जातो.

आता बऱ्याच जागी कागदाऐवजी फाइल चढवावी लागते. कार्डासाठीच्या डिजिटल फोटोची लहानात लहान मर्यादा रुंदीला ७१५ आणि उंचीला १००० पिक्सेल, मोठ्यात मोठी २००० आणि २८००. प्रकार जेपीईजी. इथे एक अडचण लपलेली आहे. आपल्याकडे छपाईची फाइल साधारणपणे इंचाला ३०० पिक्सेलवर बनवतात. त्या हिशेबाने ५० बाय ७० मिलिमीटरचा फोटो ५९१ बाय ८२७ पिक्सेलचा होतो, म्हणजे छपाई निर्दोष असूनही फाइल कमी पडते. इंचाला ६०० पिक्सेल ठेवले तर तीच चौकट ११८१ बाय १६५४ची होते आणि दोन्ही मर्यादांच्या आत बसते. त्या चौकटीत चेहऱ्याची लांबी ७३२ ते ८५० पिक्सेलच्या दरम्यान हवी. कमी पिक्सेलची फाइल संगणकावर ताणून मोठी करणे हाही फेरफारच. आणि तयार फाइल गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखी फोटो म्हणून पाठवू नये. तिथे ती दाबली जाऊन लहान होते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, ई-मेल करावी किंवा पेनड्राइव्हवर द्यावी. ‘स्टुडिओने फोटो बरोबर दिला होता, तरी साइट घेत नाही’ ही तक्रार पुष्कळदा या एका गोष्टीमुळे असते.

कार्ड मिळेपर्यंतचा पुढचा भाग अर्जदाराचा आहे, पण स्टुडिओतही त्याबद्दल विचारणा होते, म्हणून थोडक्यात. पहिल्या कार्डाला वेगळे शुल्क नाही. नवागताने कॅनडात उतरल्यावर १८० दिवसांत तिथला पत्ता आणि मागितल्यास फोटो द्यायचा असतो. ही मुदत चुकली तर नव्याने अर्ज आणि ५० कॅनेडियन डॉलर लागतात. कार्ड कॅनडाबाहेरच्या पत्त्यावर पाठवले जात नाही, पारनेरच्या पत्त्यावर ते कधीच येणार नाही. कित्येक जण उतरून, कागदावर शिक्का घेऊन, आठ-पंधरा दिवसांत नोकरी आवरायला किंवा घरचे कार्य उरकायला परत येतात. कार्ड हाती नसताना त्यांना परतीच्या विमानात बसता येत नाही. त्यांना भारतातून एक वेगळा प्रवास दस्तऐवज काढावा लागतो, आणि त्या अर्जालाही नव्याने फोटो लागतो. असा माणूस स्टुडिओत येतो तेव्हा तिकीट काढून झालेले असते आणि हातात थोडेच दिवस असतात. त्याचा फोटो परत आला तर तिकिटाचे पैसे बुडतात, प्रसंगी तिकडची नोकरीही जाते. कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज मात्र कॅनडात राहूनच करायचा असतो. दिवाळीला गावी आलेला माणूस त्यासाठी इथे फोटो काढून नेत असेल तर सहा महिन्यांची मुदत त्याला सांगावी.

इतर देशांचे थोडक्यात. अमेरिकेचा फोटो दोन बाय दोन इंच, म्हणजे ५१ मिलिमीटर चौरस, आणि चेहरा २५ ते ३५ मिलिमीटर. ऑस्ट्रेलियात कायम निवाशाला कार्डच नसते, हक्काची नोंद संगणकावर राहते. जर्मनीने १ मे २०२५पासून ओळखपत्रांसाठी व निवास परवान्यासाठी तिथेच काढलेला डिजिटल फोटो घ्यायला सुरुवात केली आहे, तेव्हा तिकडच्या परवान्यासाठी इथून छापलेले फोटो नेण्यात अर्थ नाही. कोणत्याही देशाच्या बाबतीत अर्जदाराला आलेल्या पत्रातली सूचना शेवटची मानावी. नियम बदलतात, आणि ते पत्र मोबाइलवर दाखवायला सांगणे हे स्टुडिओचालकाचे काम आहे, त्यात संकोच नको.

या सगळ्याला लागणारे सामान जिल्ह्यातल्या बहुतेक स्टुडिओंत आधीच आहे. दोन दिवे, एक पांढरा पडदा, पोलादी पट्टी, पत्त्याचा शिक्का आणि मापांचा एक तक्ता. तेव्हा विनंती अशी: चौदाही तालुक्यांतल्या स्टुडिओचालकांनी आणि त्यांच्या संघटनांनी कॅनडा, अमेरिका आणि भारत यांची मापे मराठीत एका कागदावर छापून ती कॅमेऱ्याशेजारी लावावीत, पीआरच्या फोटोची मूळ फाइल सहा महिने जपून ठेवावी, आणि संगणकावर बसणाऱ्या मुलाला बजावून सांगावे की या फोटोतल्या चेहऱ्याला हात लावायचा नाही.